अलास्का हायवेवर चिखलातून ट्रेलर न्यायचाय, काय सांभाळू?

मीनल_कॅलगरी:
नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही डॉसन क्रीक, व्हाइटहॉर्स करत अलास्कात टोकपर्यंत जाणार आहोत. पिकअपमागे 24 फुटी ट्रेलर (राहायची सोय असलेला), सोबत नाशिकहून आलेले सासू-सासरे. कॅनडाच्या युकॉन भागातल्या डिस्ट्रक्शन बे गावाच्या पुढे रस्त्याचं काम निघतं आणि पाऊस झाला की नुसता राडा होतो, असं ऐकलंय. डांबरी रस्त्यावर ट्रेलर ओढायची सवय आहे, चिखलात कधी नेला नाही. रुतलो तर काय, हीच धास्ती आहे.

व्हाइटहॉर्सकर:
मीनलताई, मी इथेच राहतो आणि त्या पट्ट्यातून ट्रेलर घेऊन जाणंयेणं असतं. रुतण्यापेक्षा घसरण्याची काळजी करा. खाली दाबलेली खडी असते, वरचा बोटभर चिखल मात्र साबणासारखा. डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक हा सुमारे 180 किमीचा भाग बारमाही गोठलेल्या जमिनीवर आहे. ती वितळली की रस्ता खचतो, म्हणून दुरुस्ती कधी संपतच नाही. 1942 मध्ये अमेरिकी सैन्याने घाईघाईत रस्ता काढला, तेव्हा वरचं शेवाळ-झुडपं खरवडली गेली आणि थंडी धरून ठेवणारं पांघरूणच गेलं.

हिचला (गाडी-ट्रेलरच्या जोडाला) घर्षणाचा स्वे-बार, म्हणजे ट्रेलरचं डोलणं रोखणारा दांडा, असेल तर चिखल लागण्याआधी तो सैल करा. निसरड्यावर तो गाडीला नीट वळू देत नाही. वजन तोलणारे स्प्रिंग-बार मात्र तसेच ठेवा. ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) थोडा उतरवा, नाहीतर ट्रेलरची चाकं जाम होतात आणि तो आडवा सरकू लागतो. क्रूझ कंट्रोल बंद. कामाच्या पट्ट्यातून वाट दाखवणाऱ्या पायलट गाडीमागे अंतर राखून एका लयीत चला, उतारावर खालचा गिअर टाका. ग्रेडरने (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने) कडेला ओढलेल्या मातीच्या वरंब्यावर चाक चढवू नका, तिथली कड भुसभुशीत असते. रुतलात तर तिथेच रुताल.

आणि हे मी कळकळीने सांगतो: ट्रेलरचे मागचे दिवे चिखलाने पार झाकले जातात. मागून ट्रक येतो, त्याला तुमचा ब्रेक दिसतच नाही. पाण्याची बाटली आणि फडकं हाताशी ठेवा. रस्त्याच्या कामावरच्या झेंडेवाल्याने थांबवलं की त्याला विचारून खाली उतरा, दिवे पुसा, ट्रेलरच्या दिव्या-ब्रेकला वीज देणारा सात पिनांचा प्लग आणि जोडाच्या सुरक्षा साखळ्या बघा.

एडमंटनचा_बंड्या:
दादांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त चिखल आत जाऊ नये म्हणून ट्रेलरमधल्या फ्रिजची बाहेरची जाळी टेपने झाकायची असेल तर आधी फ्रिज आणि गॅस बंद करा, मुक्कामी पोचल्यावर टेप काढूनच चालू करा. सकाळी निघताना 511 युकॉन या रस्ता-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती बघा, तिथे पुढे बरेचदा रेंज नसते. डिझेल अर्ध्यावर आलं की भरून घ्या.

मीनल_कॅलगरी:
खूप आभार! स्वे-बार आमच्याकडे आहे, सैल करायचा असतो हे माहीतच नव्हतं. चिखल घरी आल्यावर धुतला तर चालेल?

व्हाइटहॉर्सकर:
अजिबात नाही, त्याच संध्याकाळी धुवा. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. तो चिखल वाळला की सिमेंट होतो आणि लोखंड खातो. खालून चेसिस, ब्रेकच्या वायरी, पायऱ्या, सगळं साध्या पाण्याने भिजवून धुवा. प्रेशरचा फवारा व्हील बेअरिंगवर आणि खिडक्यांच्या रबरावर धरू नका. व्हाइटहॉर्सला मोठ्या गाड्यांसाठी धुण्याची सोय आहे, आलात की कळवा, जागा दाखवतो.