प्रति: इंग्रजी ‘कर्ब’ (curb) म्हणजे आळा की फुटपाथची कड?

दोन्ही. आणि तुम्हाला वाटतंय तसे ते दोन वेगळे शब्द नाहीत, मूळ एकच आहे. लॅटिनमधलं ‘कुर्वारे’, म्हणजे वाकवणे. त्यातूनच ‘कर्व्ह’ही आला. फ्रेंचमधून इंग्रजीत शिरताना ‘कर्ब’ आधी घोड्याला चिकटला.

हे मला डिक्शनरीत वाचून नीट कळलं नव्हतं, सारंगखेड्याच्या यात्रेत कळलं. दत्तजयंतीला तिथे तापीकाठी घोडेबाजार भरतो. एका व्यापाऱ्याने लगाम हातात देऊन दाखवला: तोंडात लोखंडी कडी, तिच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबणारे दांडे आणि जबड्याखालून गेलेली बारीक साखळी. लगाम ओढला की दांडे फिरतात, साखळी हनुवटीखाली आवळते आणि घोडा मान वाकवतो. ती साखळी म्हणजे कर्ब! वाकवणं आणि आवरणं एकाच झटक्यात. पुढे घोडा गेला, आवरणं तेवढं उरलं. विहिरीच्या तोंडाचा कठडा, रस्त्याची दगडी कड हेही आवरून धरणारेच. ब्रिटिश फक्त कडेचं स्पेलिंग वेगळं करतात.

‘रिफ्रेन’ (स्वतःला आवरणे) मध्येही लगामच आहे (लॅटिन ‘फ्रेनुम’ म्हणजे लगाम). गाण्यातला ‘रिफ्रेन’, म्हणजे ध्रुपद, मात्र वेगळ्या मुळाचा, तिथे गल्लत नको.

मराठीत ‘कर्ब’ला ‘लगाम घालणे’ चालेलच, पण लगाम शब्द फारसी. आम्हा कापूसवाल्यांना ‘वेसण घालणे’ जवळचं. अर्थात वेसण नाकात, कर्ब हनुवटीखाली. बैलाला विचारलं तर तो घोड्याशी अदलाबदल करायला एका पायावर तयार होईल.