पोच मिळाली का? गोव्यातल्या पोलीस स्थानकांच्या पायरीवरचे अनुभव

खाजनकाठ (धागाकर्ता)

चवथीला चार दिवस होते. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) बांधावरून आमच्याकडे जुनं भांडण आहे, त्यात चुलतकाकांच्या हातावर पहारीचा फटका बसला. हाड मोडलं. हात गळ्यात बांधूनच त्यांना स्थानकात नेलं. ठाणे अंमलदाराचं पहिलं वाक्य, "हें सिव्हिल मॅटर, मामलेदाराकडे वचात." एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) कोणाचं नाव लागावं हा दिवाणी प्रश्न, कबूल. पण मोडलेलं हाड दिवाणी कसं?

मी घरून मराठीत तक्रार लिहून नेली होती. ती न वाचताच परत आली, "इंग्लिशींत बरोवन हाड", म्हणजे इंग्रजीत लिहून आण. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे, हे मी सांगितलं. टेबलामागे कोणी वर पाहिलं नाही. शेवटी काकांनी तोंडी सांगायचं आणि शिपायाने संगणकावर इंग्रजीत टंकायचं असं ठरलं. छापील कागद सहीला पुढे आला. काका मराठी चौथी शिकलेले, ते पेन उचलणार तेवढ्यात मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. "पहारीने मारलं" याचं इंग्रजीत "बाचाबाचीत हाताला लागलं" झालं होतं. पहार गायब! पहार राहिली तर गुन्हा एक, गेली तर भलताच. फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवायची आणि प्रत मोफत द्यायची हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173 मध्येच आहे, जुन्या कायद्यातही होतं. दोन तास गेले, पण पहार परत आली. त्याच रात्री समोरच्यांचीही उलटी तक्रार घेतली गेली आणि दोन्ही घरांवर चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) लागली, ते वेगळं.

तुमचेही अनुभव लिहा. स्थानकाचं नाव नको, माणसांची नावं नकोत. हातात कुठला कागद पडला आणि त्या कागदाचं पुढे काय झालं, ते हवं. चांगलं घडलं असेल तर तेही.

अबोलीचा वळेसर

आमचा अनुभव लहानसा. खालच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली, आईने जिन्यात कोणाला तरी पाहिलं होतं. फोन आला, "आजीला घेऊन या, जबानी घ्यायची आहे." आई 67 वर्षांची, गुडघे गेलेले. साक्षीदार बाई असेल, मग वय काहीही असो, तिला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. साठीच्या वरच्या पुरुषालाही नाही. पूर्वी हे जुन्या कायद्याच्या कलम 160 मध्ये होतं (तिथे पुरुषांना पासष्टीची अट होती), आता नव्या संहितेच्या 179 मध्ये आहे. मी फोनवर एवढंच म्हटलं, "बोलावण्याची लेखी नोटीस पाठवा, कलम घालून." अर्ध्या तासात दोघे घरी आले, चहा घेतला, जबानी लिहून घेऊन गेले. आवाज चढवावा लागला नाही.

दोनचाकी

मी डिलिव्हरी करतो, जीए-03 ची गाडी. नाक्यावर हात दाखवला की आधी चावी काढतात. चावी काढण्याचा अधिकार कुठल्या कायद्यात आहे ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. परवाना मोबाइलमधल्या डिजिलॉकरात होता. "हें चलना, ओरिजिनल दाखय." 2018 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिजिटल कागद चालतात. मला ते माहीत होतं, त्यालाही बहुतेक माहीत असावं. पाचशे मागितले. मी म्हटलं, देतो, चलन फाड. मग एकदम, "वच, परत दिसूं नाका."

सावंतवाडीचा मावसभाऊ एमएच-07 घेऊन येतो, तो पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात शिरला की सुट्टे पैसे वरच्या खिशात ठेवतो. लग्नाला येतानासुद्धा. आम्ही हसतो, पण त्यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

कोर्टाची पायरी

वकील आहे, म्हणून थोडं लिहितो. दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे, ललिता कुमारी निकाल, नोव्हेंबर 2013. नव्या संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत 14 दिवसांच्या प्राथमिक चौकशीची वाट ठेवलीय, तिचा आधार घेऊन "चौकशी चालू आहे" असं ऐकवतात. ऐकून घ्या, पण अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. दंडाधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात, अधीक्षकांना कळवलं होतं का? पोस्टाची पावती नसेल तर त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

पोलिसांच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. 2006 च्या प्रकाशसिंग निकालातून ही कल्पना आली. शिफारशी बंधनकारक असाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच म्हटलं होतं. मानवी हक्क आयोगाकडे जाणार असाल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. कोठडीत जीव गेला किंवा शरीराची मोडतोड झाली तर पर्वरीला, उच्च न्यायालयात रिट करता येतं. भरपाई शासनाकडून मागता येते, दिवाणी दाव्याची वाट पाहत बसावं लागत नाही. नीलाबती बेहेरा (कोठडीत मुलगा गमावलेली आई) खटल्यात 1993 साली दीड लाख दिले, तो पाया. खुद्द अधिकाऱ्यावर खटला भरताना मात्र पूर्वपरवानगीची भिंत आडवी येते. मारहाण हा कर्तव्याचा भाग नाही असा युक्तिवाद आम्ही करतो. कधी टिकतो, कधी नाही.

बार्देसची वाट

वकीलसाहेब, तुमच्या पायऱ्या बरोबर असतील. आम्ही त्या चढलो, म्हणून लिहिते. आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझा धाकटा भाऊ शॅकमध्ये काम करायचा. एका पर्यटकाचा महागडा मोबाइल गेला. रात्री नऊला दोघे साध्या कपड्यांत आले, "फक्त विचारायचं आहे, अर्ध्या तासात सोडतो." दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो घरी आला. चपला हातात होत्या, कारण तळपाय जमिनीवर टेकत नव्हते. मोबाइल त्याच पर्यटकाच्या भाड्याच्या गाडीत सीटखाली सापडला होता.

त्या सतरा तासांचा कागद नव्हता. अटकच दाखवली नाही, त्यामुळे अटकेचा पंचनामा नाही, आम्हाला कळवणं नाही, वैद्यकीय तपासणी नाही. डी. के. बासू निकालाने 1996 पासून जे जे सक्तीचं केलं ते सगळं अटकेपासून सुरू होतं ना? म्हणजे अटक न दाखवली की सगळ्यातून सुटका. नोंदवहीतही नाव नव्हतं. फक्त आत सोडताना कोणी तरी त्याच्या कमरेचा पट्टा काढून घेतला होता, तो परत दिला नाही. आई अजून म्हणते, पट्टा नवा होता.

त्या दुपारी शेजारच्या नर्सबाईने सांगितलं, घरी तेल लावत बसू नका, सरकारी इस्पितळात जा आणि कोणी मारलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. भाऊ घाबरून "पडलो" म्हणत होता. डॉक्टर तरुण होता. त्याने आम्हाला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि दहा मिनिटांनी मेडिको-लीगलच्या कागदावर दोन्ही तळपायांवरचे वळ सेंटिमीटरमध्ये मोजून लिहिले. तो एक कागद नसता तर आमच्याकडे काहीच नव्हतं. गंमत अशी, की त्या कागदाची वर्दी पोलिसांकडेच जाते. संध्याकाळी जबानीला आला तो त्याच स्थानकाचा माणूस.

मग प्राधिकरणाकडे तक्रार केली. स्थानकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण माहिती अधिकारात मागितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे पोलीस स्थानकांतलं चित्रण निदान वर्षभर, शक्य तिथे अठरा महिने ठेवायचं असतं. उत्तर आलं, त्या काळात कॅमेरा नादुरुस्त. मी दुसरा अर्ज टाकला, दुरुस्तीचं बिल आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली ते द्या. त्याचं उत्तर आलं नाही, अपील केलं. मग बिल आलं. बिलावरची तारीख घटनेच्या आदल्या महिन्यातली होती!

सुनावणीत तेच बिल कामी आलं. खातेनिहाय चौकशीची शिफारस झाली. दरम्यान दोघांची बदली झाली, एकाची त्याच्या गावाजवळ. चौकशीचं पुढे काय झालं ते खात्याने आम्हाला आजवर लेखी कळवलेलं नाही. भाऊ आता कतारला आहे. तिथे पोलीस दिसला तरी रस्ता बदलतो म्हणतो.

निवृत्त हवालदार

तीस वर्षं खाकी घातली. इथे आमच्या बाजूने कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो, आणि थोडं विरुद्धही.

एफआयआर का घेत नाहीत? आळस हे एक कारण. मोठं कारण आकडा. गुन्हा नोंदवला की महिन्याच्या बैठकीत साहेबाला विचारतात, गुन्हे का वाढले आणि उकल किती. न नोंदवलेल्या चोरीबद्दल कोणी विचारत नाही. मग साहेब ठाणे अंमलदाराला डोळ्याने सांगतो आणि अंमलदार लोकांना सांगतो, "फाल्यां यो", उद्या ये. मी स्वतः कितींना सांगितलं असेल, मोजलं नाही. त्यात कार्निव्हल, शिगमो, इफ्फी, मंत्र्यांचे दौरे. स्थानकात उरतात चौघे, त्यातला एक कोर्टात समन्स घेऊन गेलेला.

बार्देसच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. असले "अर्धा तास" मी पाहिले आहेत. मी हात लावला नाही, पण दार ओढून घेतलं आहे. छातीवरची नावाची पट्टी अशा वेळी खिशात जाते. पट्टी नसलेला पोलीस दिसला तर नाव विचारा. विचारलं की निम्मे सरळ होतात.

सेंटरिंगवाला

वरचं सगळं वाचलं. कलम तोंडपाठ असलेल्यांचा धागा आहे हा. माझ्याकडे बागलकोटचे बारा कामगार आहेत. गावात सायकल चोरीला गेली तरी आधी त्यांच्या खोल्यांवर जातात. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मी भरून दिलाय, शिक्का आहे, तरी जातात. कन्नडमधून वाचून दाखवा म्हणून ते कोणाला सांगणार? मी सोबत गेलो की खुर्ची मिळते, ते एकटे गेले की भिंतीला उभे. अनुभव एवढाच.

म्हापशेकार

चांगलं लिहा म्हणालात, म्हणून. मुलीचा पाठलाग करणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला रात्री साडेनऊला गेलो. ड्युटीवर महिला उपनिरीक्षक होत्या. मुलीला आत बसवलं, मला बाहेर, "बाब, तुमी मात्शे भायर बसात, ती तुमच्यामुखार सगळें सांगची ना." म्हणजे तुमच्यासमोर ती सगळं सांगणार नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं. इंग्रजी मजकूर ओळ-ओळ कोकणीत वाचून दाखवला, प्रत हातात दिली, स्वतःचा नंबर लिहून दिला.

खाजनकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सेंटरिंगवाल्यांनी लिहिलेलं बोचलं, बोचायलाच हवं होतं.

काकांच्या प्रकरणात काल पुरवणी अर्ज द्यायला गेलो. या वेळी मराठीत, हाताने लिहिलेला. घेतला! शिक्का मारला, सही केली. पायरी उतरल्यावर पाहिलं तर शिक्क्यावर परवाची तारीख, कोणी चकती फिरवलीच नव्हती. परत वर गेलो. अंमलदार हसला, चकती फिरवली, खाली नवा शिक्का मारला. आता माझ्या प्रतीवर दोन तारखा आहेत आणि वकील विचारतायत, यातली खरी कुठली.