शब्दचर्चा : ‘माजी’, ‘आद्य’ की नुसता ‘आधीचा’?

२१ ऑक्टोबर २०२४ ला पॉल डिआनो गेला. वय ६६. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पहिल्या दोन अल्बमांवरचा (१९८० आणि १९८१) आवाज त्याचा. त्याच्यावर चार ओळी मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. ‘मेडनचा अमुक गायक’ यातल्या ‘अमुक’च्या जागी काय घालू? ‘पहिला’ म्हणजे खोटं. त्याच्याआधी पॉल डे आणि डेनिस विलकॉक गाऊन गेले, फक्त त्यांच्या काळात अल्बम निघाला नाही. ‘मूळ’ही त्याच कारणाने बाद. सुचवा.

---

‘माजी’ आहे की सरळ. बातम्यांतही तेच असतं.

---

>> माजी

माजी आमदार, माजी सरपंच. मुदत संपली, खुर्ची गेली, असा तो शब्द. पॉल बँडमध्ये होता १९७८ ते ८१, म्हणजे उरलेली त्रेचाळीस वर्षं तो ‘माजी’च. नको वाटतं.
(मूळ अरबी, ‘गेलेला काळ’ या अर्थाचा. ‘माज’शी नातं नाही, त्यांचा दुसरा अल्बम ‘किलर्स’ ऐकताना तसं वाटलं तरी.)

---

मी ‘आद्य’ लिहीन. हा मोजणीचा शब्दच नाही, मानाचा आहे. आद्य क्रांतिकारक म्हणून वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव घेतात आणि उमाजी नाईकांचंही. दोघांपैकी पहिला कोण, म्हणून कोणी अडून बसत नाही.

---

‘आद्य’ला शाल-श्रीफळाचा वास येतो हो. मेटलवाल्याला कुठे शाल पांघरता?
‘पूर्वाश्रमीचा’ मात्र त्याला चपखल बसतं, पण आडनावापुरतं : पूर्वाश्रमीचा पॉल अँड्रूज. मेडनमधल्या माणसाचं मेडन नेम! (आमच्या घरी ‘मेडन’ म्हटलं की आधी निर्धाव षटकच आठवतं, ते सोडा.)

---

उपप्रश्न. त्याच्या आवाजाला काय म्हणाल? मी ‘भसाडा’ लिहिलं तर मित्र चिडला.

---

चिडणारच. भसाडा म्हणजे बेसूर आणि वर मोठ्याने. हा सुरात होता.
‘घोगरा’ जवळचा, पण सर्दी झालेला माणूसही घोगराच बोलतो. ‘खरखरीत’मध्ये खरखर आली, जोर नाही आला.
मला ‘रांगडा’ पटतो. त्याच्यानंतर आलेल्या ब्रूस डिकिन्सनचा आवाज टिपेचा. तो सहज तार सप्तकात जातो आणि तिथेच मुक्काम करतो. पॉल खालून यायचा, रस्त्यावरून हाक मारल्यासारखा. पंक रॉकचा काळ होता, त्याची छाया गळ्यावर होती. पण नुसतं ‘रांगडा’ म्हणूनही भागत नाही. ‘रिमेंबर टुमॉरो’ ऐका. सुरुवातीला जवळजवळ कानाशी बोलतो, शब्द अलगद ठेवतो, आणि मग एकदम किंकाळी फोडतो. त्या अलगद बोलण्याला ‘रांगडा’ म्हणवत नाही.

---

तिथे ‘हळवा’?

---

नाही नाही. ‘दबका’. काहीतरी दाबून धरल्याशिवाय ती किंकाळी निघत नाही.

---

‘दबका’ घेतला. आभार.

---

मूळ मुद्द्याकडे येऊ या. धागाकर्त्याने ‘गेला’ लिहिलंय, ‘निधन झाले’ नाही, हे आवडलं. शेवटच्या काळात व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम केले त्याने. अशा माणसाला ‘ते’, ‘त्यांनी’ लावलं की तो लगेच परका होतो. लताबाई गेल्या तेव्हा आमची आजी ‘लता गेली गं’ म्हणाली होती. ज्याला आपण आयुष्यभर ऐकलं त्याला अहो-जाहो करवत नाही.
राहता राहिला ‘आधीचा’. तो शब्द प्रामाणिक आहे, पण कोणाच्या आधीचा? ब्रूसच्या. म्हणजे पॉलची ओळख सांगायलाही ब्रूसलाच उभं करायचं.

---

धागाकर्ता : विशेषणच काढून टाकलं. वाक्य असं झालं : ‘रनिंग फ्री’ गाणारा पॉल डिआनो गेला.

---

‘गाणारा’ की ‘गायलेला’? गाणं १९८० चं आहे.

---

‘गाणारा’च राहू दे. ‘गायलेला’ केलं की परत ‘माजी’ झाला.