बटण बसवलं म्हणजे झालं?

म्हापशेकर: काल इथे एकाने लिहिलं, "आमच्या संस्थेची वेबसाईट बघायला आंधळे येतात किती? उगाच मागे लागू नका." उत्तर देणार नव्हतो, पण राहवलं नाही. माझी थोरली बहीण पूर्ण अंध. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून संगणक चालवते. चतुर्थीआधी एका संस्थेचा अर्ज भरायला बसली, तर प्रत्येक रकान्यावर आवाज एकच: 'एडिट, एडिट, एडिट'. रकान्यांना लेबलच, म्हणजे यंत्राला कळेल असं नाव, जोडलेलं नाही! शेवटी कॅप्चा, म्हणजे चित्रात बघून टाईप करायची अक्षरं. हाक मारली मला. पन्नाशीच्या बाईने आपलं उत्पन्न धाकट्या भावाकडून टाईप करून घ्यायचं? सचिवांना जाऊन भेटलो. चहा पाजला, 'वेबसाईटवाल्याला सांगतो' म्हणाले. अजून सांगताहेत.

पर्वरीकर: तो 'एकाने' मीच. आमच्या संस्थेत पगारी माणूस एक, वेबसाईट बघणारा कुणाचा तरी भाचा. तुम्ही डब्ल्यूसीएजीची, त्या वेबसाईट-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, कलमं फेकणार, पैसे कोण देणार? शिवाय माणसाच्या चित्राचं ते बटण बसवलंय आम्ही. अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. आणखी काय हवं?

वेबवाली मडगाव: ते बटण! ज्याला अक्षरं मोठी हवीत तो कंट्रोल आणि प्लस दाबतो हो. लेबल नसलेल्या रकान्याला तुमचं बटण काय करणार? लेबल जोडायला एक ओळ लागते, एक! पण खरं सांगू? मी कोटेशनमध्ये हे काम धरते आणि गिऱ्हाईक पहिलं तेच काटतं. सचिवांना भेटून काही होत नाही. कामाच्या करारात लिहा, कीबोर्डवर अर्ज भरून दाखवल्याशिवाय बिल नाही.

फोंड्याचा डीटीपीवाला: लेबलं राहू द्या, आधी मजकूर तरी युनिकोडमध्ये आणा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला 'मराठी' शब्द आत 'ईजेकेबीएच' असतो. डोळ्यांना मराठी, यंत्राला कचरा. हे पाप आमच्याच पिढीचं, कबूल.

डिचोलीकर: मराठी मजकूर आहेच कुठे? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीही सरकारी कामाला चालते, पण साईट उघडा, सगळं इंग्रजी.

सासष्टीचो: आलं पुराण! राजभाषा कोंकणी, तिचं पान आधी दाखवा.

डिचोलीकर: तुमच्या रोमीवाल्यांना, रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांना, विचारा, देवनागरी पान चालेल का ते.

सासष्टीचो: हांव रोमीच बरयतां. तुका कितें?

वेबवाली मडगाव: भांडा, भांडा. कुठलंही पान करा, भाषेचा कोड तेवढा द्या. मराठीला 'एमआर', कोंकणीला 'केओके'. तो नसला तर तुमच्या दोन्ही मायबोल्या यंत्र इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतं.

पणजीचा वकील: चहा पुरे झाला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी संस्थांनाही लागू आहे. सरकारने २०१७ च्या नियमांत सुलभतेचे निकष ऐच्छिक करून ठेवले होते, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) रद्द केला. एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नोटीस पाठवा.

पर्वरीकर: पाठवा की! वेबसाईट बंद करून टाकू. मग सगळेच समान, रांगेत उभे राहा.

म्हापशेकर: हीच भीती होती, म्हणून मी नोटीस टाळत होतो. वकीलसाहेब, बहिणीला खटला नकोय, अर्ज भरायचाय. २०२३ च्या पहिल्या पर्पल फेस्टला, दिव्यांगांच्या महोत्सवाला, ती पणजीला गेली होती. फोटो काढायला गर्दी होती, तिच्या अर्जाकडे बघायला माणूस नाही.

पर्वरीकर: बरं बाबा. काल रात्री माउस बाजूला ठेवून आमचाच अर्ज टॅब दाबत भरून बघितला. 'सादर करा'पर्यंत पोचलोच नाही, तारखेत अडकलो. भाच्याला शिव्या घातल्या. तुमच्या ताईंना एक दिवस ऑफिसात आणा, बसून दाखवू देत काय काय अडतं ते. पण बटण काढणार नाही, त्याचे वर्षाचे पैसे भरलेत.

म्हापशेकर: राहू दे शोभेला. शनिवारी आणतो. भाच्यालाही बसवा.

डिचोलीकर: अर्ज मराठीत असणार ना?