‘रणांगण’मध्ये युद्ध कुठाय, असं विचारणाऱ्यांना

रंकाळाकाठ: काल आपल्या वाचकगटात एकानं लिहिलं, “‘रणांगण’ म्हणजे बोटीवरचं प्रेमप्रकरण. एक गोळी सुटत नाही, नाव मात्र रणांगण.” रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. दुसरं महायुद्ध पेटलं तेच साल. युरोपातून निघालेल्या बोटीवर नायक चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. चक्रधर मुंबईला उतरणार, त्याला घर आहे. हॅर्टा ज्यू, जर्मनीतून हाकललेली. मुंबई डोळ्यांसमोर असून तिला उतरायची मुभा नाही. बोट चालेल तेवढेच दिवस दोघांच्या हातात. प्रेमात पडतानाच बंदरं मोजायची, ही पाळी त्या पोरांवर कुणी आणली? गोळी सुटायच्या आधीच युद्ध माणसात शिरतं, ते बेडेकरांनी पकडलंय.

टाकळीचा: तो गटातला मीच. माझं गाव सैनिक टाकळी, शिरोळ तालुका. आमच्याकडं फौजी नसलेलं घर शोधावं लागतं. आज्ज्याचा चुलता पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेला तो गेलाच. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इंग्रजांच्या फौजेतल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. रसद संपली, घोडे कापायला लागले. ते मांस खायचं की धर्म सांभाळत उपाशी राहायचं, हा त्या पोरांपुढचा पेच. मिसरूड फुटलेली पोरं होती ओ! त्यांच्यावरची मराठी कादंबरी दाखवा मला. डेकवरचं दुःख शिकलेल्यांना ओळखीचं वाटतं, म्हणून त्याचा उदो उदो.

शाहूपुरीची वाचक: दोघेही चक्रधरला सहज सोडताय. आधीच्या प्रेयसीनं, उमानं, फसवलं म्हणून तो सगळ्या बायकांकडं संशयानं बघतो, आणि किंमत हॅर्टा मोजते. ती समुद्रात जीव देते, तो घरी पोचलेला असतो. एम.ए.ला आमच्या सरांनी चक्रधरच्या वेदनेवर चार तास घेतले. हॅर्टावर एक वाक्य बोलले नाहीत. मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग अजून आहे.

वळिवडे नाका: हॅर्टाला मुंबईत उतरू दिलं नाही, पण चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं. सायबेरियातून इराणमार्गे आलेली. माझी आजी तिथं भाजी घेऊन जायची. सांगायची, एक पोरगी रोज पावाचा तुकडा फडक्यात बांधून ठेवायची, पोट भरलेलं असलं तरी. छत्रपतींनी आसरा दिला म्हणून ती जगली. कोल्हापूरनं माणुसकी दाखवली, हे कादंबरीवाल्यांना दिसत नाही.

रंकाळाकाठ: आजीची आठवण मोलाची आहे, पण इतिहास नीट सांगा. १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दोनेक वर्षांचं बाळ होतं. छावणी ब्रिटिशांनी उभारली. पोलंड दोस्त राष्ट्र म्हणून त्यांना जागा मिळाली; हॅर्टाच्या मागं असं राष्ट्र नव्हतं, म्हणून तिला नाही.

वळिवडे नाका: म्हणजे आमची आजी खोटं बोलली? संस्थानची जमीन, संस्थानची माणसं. पाच वर्षं त्यांना दूध, भाजी कुणी घातली? तुमच्या ब्रिटिशांनी?

शाहूपुरीची वाचक: आजीला कुणी खोटं म्हटलेलं नाही, आवाज खाली घ्या. १९४८ पर्यंत पोलिश गेले. त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्याचंच गांधीनगर झालं. दर दिवाळीला आपण तिथं कापडं घ्यायला जातो आणि जागा कुणाची होती ते विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

टाकळीचा: फडक्यातल्या पावाचं वाचून थांबलो. आमच्या त्या चुलत्याची आई म्हणे ताटात कायम एक भाकरी जादा वाढायची. बरं, गोळी न सुटताही युद्ध असतं, एवढं मान्य. पण कूतच्या पोरांवर कादंबरी नाही, हे तुम्हीही मान्य करा.

रंकाळाकाठ: माझ्या वाचनात नाही. मान्य करावं लागतंय.

शाहूपुरीची वाचक: आणि चक्रधर?

रंकाळाकाठ: चक्रधरबद्दल पुन्हा वाचून बोलतो. कादंबरीतली शेवटची पत्रं आधी वाचतो.

वळिवडे नाका: संस्थानचं मी सोडणार नाही. पण ती पोरगी आजीला “मावशी” म्हणायची. मराठीतच.