मदत हवी आहे: घरात दोन जखमा, ड्रेसिंग कोणतं लावू?

इंदिरानगरची सून

नमस्कार मंडळी. घरात सध्या दोन पेशंट आहेत आणि दोघांचं ड्रेसिंग माझ्याच गळ्यात आहे.

सासऱ्यांना जुना मधुमेह. उजव्या तळव्याला, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर घट्टा होता, तो फुटून जखम झाली. रुपयाच्या नाण्याएवढी. कडा पांढऱ्या आणि जाड, मध्ये लाल, एका बाजूला पिवळट चिकट थर. लस इतकी येते की संध्याकाळपर्यंत पट्टी चिंब. दुखत मात्र अजिबात नाही, त्यामुळे नाशिकच्या रामकुंडावर जाणं काही चुकत नाही. तेही अनवाणी!

सासूबाईंचा हात दाराच्या कडीला घासला. त्यांची कातडी आधीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी, ती सोलून एका बाजूला गोळा झाली. तिथे गॉज चिकटतो. काल काढताना पुन्हा रक्त आलं आणि त्या कळवळल्या.

दोघांनाही बीटाडीन आणि कोरडा गॉज चालू आहे. मेडिकलमध्ये विचारलं तर काउंटरवर फोम, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड, चांदीवालं अशी पाकिटं मांडली आणि वर मलाच विचारलं, "बजेट किती?" यातलं कुणाला काय लावायचं?

निफाडकर

ताई, द्राक्षाच्या छाटणीत कात्री लागते तेव्हा आम्ही हळद दाबतो आणि पुढच्या ओळीला लागतो. आठवड्यात साफ. एवढा खर्च कशाला?

वॉर्डातली सिस्टर (निवृत्त)

निफाडकर, तुमची चीर ताजी, कडा जुळणाऱ्या, आणि तिथे रक्त नीट खेळतंय. ती हळदीशिवायही भरली असती. टीटीचं इंजेक्शन मात्र घेत जा, कात्री मातीतली असते. मधुमेहाच्या पायात हळद कोंबलेली पुष्कळ पाहिली आहे. आधी ती धुऊन काढण्यातच वेळ जातो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

इंदिरानगर, तुम्ही जखमेचं वर्णन छान केलंय, अर्धं काम तिथेच झालं. ड्रेसिंग ठरतं ते जखम ओली किती, खोल किती, तळ कोणत्या रंगाचा आणि भोवतालची कातडी कशी यावर. किमतीचा नंबर नंतर.

आधी सोपं, सासूबाईंचं. तिथे न चिकटणारं हवं: सिलिकॉनची जाळी, नाहीतर पॅराफिन गॉज. आत्ता चिकटलेला गॉज ओढू नका, सलाईनने पाच-दहा मिनिटं भिजवा, आपोआप सुटेल. गोळा झालेली कातडी जिवंत असेल तर ओल्या कापसाने हळूच जागेवर सरकवा, कापू नका. वरून साधा गॉज आणि सैलसर रोलर बँडेज. चिकटपट्टी त्या कातडीवर नकोच. आणि ड्रेसिंगवर पेनाने बाण काढा, कातडी ज्या बाजूला जोडलेली आहे त्या बाजूपासून सुटलेल्या टोकाकडे. पुढच्या वेळी त्याच दिशेने काढायचं, म्हणजे बसलेली कातडी पुन्हा उलटत नाही. रोज उघडू नका, रोज उघडलं की रोज नवी जखम. कातडी काळसर पडली तर दाखवा.

इंदिरानगरची सून

पण जखमेला हवा लागू दे, खपली धरू दे, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

वॉर्डातली सिस्टर (निवृत्त)

माझी आईही म्हणायची. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने चढते. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं. पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. सासऱ्यांचं तेच होतंय. त्या पांढऱ्या कडांत घट्टा आहेच, शिवाय लशीत भिजून कातडी फुगली असेल.

म्हणून तिथे लस शोषणारं लागेल. वरवरची असेल तर फोम, खोलगट असेल तर आत अल्जिनेट. ते समुद्री शेवाळापासून बनतं आणि लस शोषून जेलीसारखं होतं, कोरड्या जखमेवर मात्र उलट चिकटून बसतं. हायड्रोजेल म्हणजे पाणीदार जेल, ते कोरड्या जखमेसाठी, इथे नको. हायड्रोकोलॉइड जखम बंदिस्त करतं. तळव्याला, जंतुसंसर्गाची शंका असताना, ते स्वतःच्या मनाने लावू नये. चांदीवालं संसर्ग असेल तर, तेही थोडे दिवस.

आता खरं सांगते. यातलं सगळ्यात महागडं आणलंत तरी सासरे त्यावर उभे राहिले तर जखम भरणार नाही. घट्टा दाबामुळे होतो आणि दाबामुळेच फुटतो. दुखत नाही ही काळजीची गोष्ट आहे, पायाची जाणीव गेली आहे. त्यामुळे आधी सर्जन. ते घट्टा आणि पिवळा थर काढतील, सळईने जखम हाडापर्यंत जाते का बघतील, एक्स-रे काढतील, डॉपलरने रक्तपुरवठा तपासतील. मग दाब काढायला कास्ट, म्हणजे पायाला प्लास्टर, किंवा खास पादत्राण. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला सर्जरीची ओपीडी आहे, तिथे दाखवता येईल.

लाली पसरायला लागली, वास आला, ताप आला, बोट काळं पडलं किंवा साखर अचानक चढली तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी जा.

इंदिरानगरची सून

वासाचं विचारणारच होते. दोन दिवसांपासून किंचित येतोय. साखरही वाढली आहे. आणि रामकुंडाचं काय करू? "देवाच्या दारात चप्पल कशी घालू" म्हणतात.

वॉर्डातली सिस्टर (निवृत्त)

मग इथे लिहीत बसू नका, आजच न्या. रात्र झाली तरी कॅज्युअल्टीत. जाताना सलाईनने धुऊन स्वच्छ गॉज सैल बांधा, पाय टेकू देऊ नका, चालू असलेल्या गोळ्या आणि साखरेचे आकडे सोबत घ्या. नवं पाकीट आत्ता विकत घेऊ नका, आत काय सापडतं त्यावर ते बदलेल.

रामकुंड बंद. नदीचं पाणी त्या जखमेला लागता कामा नये, आणि उन्हात तापलेल्या दगडावर पाय भाजला तरी त्यांना कळणार नाही. घरच्या देव्हाऱ्यासमोर खुर्ची मांडा.

इंदिरानगरची सून

रिक्षा बोलावली आहे. सासूबाईंसाठी पॅराफिन गॉज येताना घेते.