बाबांच्या प्लेटलेट एका रात्रीत ३८ हजारांवरून १ लाख ९४ हजार कशा झाल्या?

ओवी_७ (प्रश्न)

बाबा ६६ वर्षांचे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली. सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट हातात आला: हिमोग्लोबिन १३.८, पांढऱ्या पेशी १०,९००, प्लेटलेट ३८,०००. सर्जननी ऑपरेशन लगेच पुढे ढकललं. घरात कुणाला धड झोप नाही. बाबा मात्र ठणठणीत. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर एक लाल ठिपका नाही. त्याच सकाळी दाढी करताना गालाला कापलं होतं, तेही नेहमीसारखं दोन मिनिटांत थांबलं.

मंगळवारी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या टेक्निशियननं आधीचा रिपोर्ट मागून घेतला, वाचला आणि जांभळ्या टोपणाच्या ट्यूबसोबत फिकट निळ्या टोपणाचीही एक ट्यूब भरली. निकाल: प्लेटलेट १,९४,०००, पांढऱ्या पेशी ८,२००. खाली बारीक अक्षरात शेरा, ‘ईडीटीए नमुन्यात प्लेटलेटचे पुंजके दिसले. मोजणी सायट्रेट नमुन्यावरून.’

एका रात्रीत दीड लाख प्लेटलेट वाढतात का? नाही ना? मग पहिल्या लॅबनं बाबांचं रक्त कुणाच्या तरी रक्ताशी बदललं का? उद्या तिकडे भांडायला जायच्या तयारीत आहे, म्हणून आधी इथे विचारते.

भटका_गणिती

मशीन जुनं असणार, दुसरं काय. सरळ जाऊन भांडा. असले रिपोर्ट देणारी लॅब बंद व्हायला हवी.

काचपट्टी

ओवी, भांडायला जा, पण कशावरून भांडायचं ते आधी समजून घे. नमुना बदललेला नाही, आणि मशीन जुनं असायचंही कारण नाही. नवंकोरं मशीनही हेच करतं. मी ३१ वर्षं लॅबमध्ये हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, टेबलावर काढली, आता निवृत्त आहे. तुझ्या बाबांसारखी मंडळी हजारात एखाददुसरी निघतात, म्हणजे गर्दीच्या लॅबमध्ये अधूनमधून भेटतातच.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर ईडीटीए नावाचं मीठ फवारलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे रक्त ट्यूबमध्ये पातळ राहतं आणि पेशींचा आकारही बरा टिकतो. म्हणून जगभर सीबीसीला हीच ट्यूब. पण कॅल्शियम गेलं की प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन थोडं उलगडतं. काही माणसांच्या रक्तात नेमकी त्या उलगडलेल्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात. शरीरात ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, कारण शरीरात ईडीटीए नाही. ट्यूबमध्ये मात्र ती प्लेटलेटना एकमेकींना डकवतात. नमुना जितका वेळ पडून राहील तितके पुंजके वाढतात आणि आकडा खाली येतो. संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या नमुन्यात ३८ हजार आले, याचं मला नवल वाटत नाही.

निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट असतं. तेही कॅल्शियमच बांधतं, पण बऱ्याच जणांच्या प्लेटलेट त्यात सुट्या राहतात. बऱ्याच जणांच्या म्हणतेय, सगळ्यांच्या नाही. काहींच्या त्यातही चिकटतात.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंच्या प्लेटलेट मशीनवर २२,००० आल्या. आकड्याशेजारी मशीननं चांदणी छापली होती, म्हणजे ‘मला खात्री नाही, बघा’. मी बघितलं नाही. रिपोर्ट लिहून मोकळी झाले. आमच्या सरांनी तो सहीआधी अडवला आणि स्लाइड मागितली. स्लाइड केलेलीच नव्हती. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, “मग हा आकडा तुम्ही कुठून आणलात?”

तिथल्या तिथे स्मिअर करायला लावला. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा छोटा थेंब, दुसरी काच तीसेक अंशात तिरकी धरून थेंबाला मागे टेकवायची, रक्त काचेच्या कडेनं पसरलं की एका दमात पुढे ओढायची. हात अडखळला की पट्टे पडतात. चांगला स्मिअर जिभेच्या आकाराचा होतो, टोकाकडे विरत जाणारा. वाळल्यावर लीशमन हा रंग ओतला, दोन मिनिटांनी दुप्पट बफर (आम्लता स्थिर ठेवणारा द्राव), मग आठ-दहा मिनिटं थांबून धुतला. मायक्रोस्कोपखाली मधल्या भागात प्लेटलेट तुरळक. सर म्हणाले, “शेपटाकडे चला.” गेले, आणि तिथे पुंजकेच पुंजके. जांभळट, दाणेदार, कडा विस्कटलेले, एकेकात चाळीस-पन्नास प्लेटलेट. जड ऐवज सगळा स्मिअरच्या शेपटात आणि कडांना ओढला जातो, तिथे न बघणाऱ्याला तो दिसत नाही. त्या दिवसापासून मी कमी आलेली प्लेटलेट स्लाइडचं शेपूट बघितल्याशिवाय कधीच सोडली नाही.

तेव्हा पहिल्या लॅबचा दोष आकड्यात नाही. १ लाखाच्या खाली अचानक आलेला आकडा स्लाइड न बघता बाहेर सोडला, हा दोष. भांडायचं तर यावरून भांड.

ओवी_७

ताई, हे वाचून निम्मा जीव भांड्यात पडला. दोन शंका. एक, पुंजक्यात का होईना, प्लेटलेट तर आहेत ना, मग मशीनला त्या दिसत कशा नाहीत? दोन, पहिल्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी १०,९०० आणि दुसऱ्यात ८,२००. त्या पण प्लेटलेटबरोबर घोटाळतात का?

काचपट्टी

दुसरी शंका भारी आहे. दोन्हींचं उत्तर एकच.

मशीनला पेशी ‘दिसत’ नाही, त्याला अडथळा कळतो. वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली या युक्तीचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक मशीनमध्ये तीच कुठे ना कुठे वापरात आहे. रक्त क्षाराच्या द्रावात खूप पातळ करायचं आणि केसाच्या जाडीएवढ्या छिद्रातून ओढून घ्यायचं. छिद्राच्या दोन्ही बाजूंना विजेचा प्रवाह. पेशीतून वीज नीट जात नाही, म्हणून पेशी छिद्रातून जाताना प्रवाहाला क्षणभर खीळ बसते. खीळ बसली की एक मोजायचं, आणि खीळ जितकी मोठी तितकी पेशी मोठी.

आकार फेम्टोलिटर या अतिसूक्ष्म मापात मोजतात. लाल पेशी ८० ते १००, प्लेटलेट साधारण २ ते २०. लाल पेशी आणि प्लेटलेट एकाच छिद्रातून मोजल्या जातात आणि केवळ आकारावरून वेगळ्या केल्या जातात. आता दहा प्लेटलेट चिकटल्या तर तो गोळा लाल पेशीएवढा. मशीन त्याला लाल पेशी समजतं. घनमिलिमीटरमागे पन्नास लाख लाल पेशींत तो कुठे मुरला, पत्ता लागत नाही. आणि पांढऱ्या पेशी मोजताना लाल पेशी आधी फोडून टाकतात, पुंजके मात्र फुटत नाहीत. मोठा पुंजका मग पांढरी पेशी म्हणून खपतो. बाबांच्या पांढऱ्या पेशी ‘वाढल्या’ त्या बहुधा अशा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तू जे पकडलंस, ते पकडायला मला दोन वर्षं लागली होती.

(जाता जाता: ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं लोक प्लेटलेटबद्दल सर्रास म्हणतात. प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. खरं तर त्या अख्ख्या पेशीच नव्हेत, अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या राक्षसी पेशीचे तुटलेले तुकडे आहेत. केंद्रक नसतं त्यांना.)

निळे_टोपण

मी पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय. काचपट्टी ताईंच्या उत्तरात एक भर. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये द्राव आधीच भरलेला असतो, ९ भाग रक्ताला १ भाग. म्हणजे रक्त मुळातच पातळ होतं, आणि आलेल्या आकड्याला १.१ नं गुणावं लागतं. ओवी, तुमच्या बाबांचा मशीनवरचा आकडा १,७६,००० असणार. त्याला गुणून १,९३,६००, म्हणजे १,९४,०००. काही लॅब हे गुणायला विसरतात, म्हणून विचारून घ्यावं. ट्यूब खुणेपर्यंत भरली नसेल तर हेही गणित कोलमडतं.

आणि ताई, पुंजके दिसले की कारण ईडीटीएच, असं आम्हाला लगेच म्हणू देत नाहीत. शीर पटकन मिळाली नाही, रक्त रेंगाळत आलं, ट्यूब हलवली नाही, तरी पुंजके होतात.

काचपट्टी

बरोबर, ते माझ्याकडून राहून गेलं. म्हणूनच आधी लाकडी काडी ट्यूबमध्ये फिरवून बघायची. काडीला तंतू किंवा इवलीशी गाठ लागली तर नमुना गोठायला लागलेला आहे, तो सरळ टाकायचा आणि नवा घ्यायचा. जांभळी ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची असते. खळखळ हलवायची नाही, लाल पेशी फुटतात.

सायट्रेटमध्येही पुंजके निघाले तर आम्ही जुन्या वाटेनं जायचो. १ टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये रक्त शंभरपट पातळ करून न्यूबॉर चेंबरमध्ये, म्हणजे मोजणीच्या चौकटी कोरलेल्या काचेत, भरायचं. लाल पेशी फुटून जातात, प्लेटलेट उरतात. चेंबर पेट्री डिशखाली ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा, म्हणजे द्राव सुकत नाही आणि प्लेटलेट तळाशी बसतात. मग मधला एक चौरस मिलिमीटर मोजायचा. चेंबरची खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून तिथली एक प्लेटलेट म्हणजे रिपोर्टातल्या एक हजार. धुळीचा एक कण प्लेटलेट समजून मोजलात की हजार वाढले! डोळे दुखायचे, पण त्या मोजणीचा मला भरवसा वाटायचा.

भटका_गणिती

माझे शब्द मागे घेतो. एक विचारू? माझ्या रिपोर्टात एमसीएचसी (लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ४१ आलंय आणि लाल पेशी खूप कमी. हेही असंच काही?

काचपट्टी

शक्य आहे. लाल पेशीत इतकं हिमोग्लोबिन सहसा मावतच नाही, म्हणून ४१ बघितल्यावर आम्ही आधी नमुन्यावर संशय घ्यायचो. थंडीत लाल पेशी चिकटवणारी प्रतिपिंडं असली की दोन-चार पेशी एक म्हणून मोजल्या जातात. संख्या घटते, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, फुगतं. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजलेलं, ते खरं येतं, आणि मग एमसीएचसीचा भागाकार बिघडतो. नमुना ३७ अंशांवर ऊन करून लगेच पुन्हा चालवला की कळतं. रक्तातली चरबी वाढलेली असली तरीही एमसीएचसी चढतं, पण मग लाल पेशींची संख्या घटत नाही. पुंजक्यांसारखं हे मात्र निव्वळ ट्यूबमधलंच असेल असं धरून चालू नका, अशी प्रतिपिंडं शरीरातही त्रास देऊ शकतात. डॉक्टरांना दाखवा.

ओवी_७

सर्जनना दोन्ही रिपोर्ट आणि दुसऱ्या लॅबचा शेरा दाखवला. त्यांनी तिथल्या पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलून ऑपरेशनची नवी तारीख दिली. पहिल्या लॅबमध्येही गेले. भांडले नाही, फक्त स्लाइड बघितली होती का एवढंच विचारलं. समोरचा माणूस आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

बाबांच्या फाइलवर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘प्लेटलेट सायट्रेटमध्ये मोजा, स्मिअर बघा.’ बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की मला जांभळा रंग मानवत नाही.

काचपट्टी

त्यांना सांग, रंग बिचारा ट्यूब ओळखण्यापुरता असतो. मानवत नाही ते आतलं मीठ.